टपालखात्यांचा तह आणि त्याची फेरतपासणी

१९०० सालच्या सुमारास मुंबईच्या एखाद्या घरांतून लंडनला किंवा बर्लिनला शिकावयास गेलेल्या मुलाला पत्र जाई. त्यावर तिकीट हिंदुस्थान सरकारचें असे आणि तिकिटाचे पैसे हिंदुस्थानच्याच टपालखात्याच्या तिजोरींत पडत. पुढें आगबोटीनें थैली पलीकडच्या बंदरांत उतरे. तेथें ती फोडून पत्रें निवडणारा कारकून, तीं गल्लीवार लावणारा मदतनीस आणि शेवटीं जिना चढून पत्र दारांत टाकणारा पोस्टमन, हे सारे परक्या राज्याचे नोकर. त्या पत्राच्या बटवड्याबद्दल त्यांच्या खात्याला एक छदामहि मिळत नसे. तरीहि तें पत्र स्वदेशींच्या पत्राप्रमाणेंच घरपोंच केलें जाई. मग त्या पोस्टमनचा पगार देई कोण? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागल्यास, निरनिराळ्या देशांच्या सार्वजनिक खात्यांनीं आपसांत केलेला करार कशाच्या बळावर टिकतो, हें कळून येतें.

टपालाची व्यवस्था प्रथम सुधारली ती देशांच्या आंतल्या आंत. इंग्लंडांत रोलंड हिल यांच्या योजनेप्रमाणें १८४० सालीं अंतर न पाहतां एका पेनींत पत्र पोंचूं लागलें. हिंदुस्थानांत १८५४ सालीं पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा दर ठरला. पत्र पुण्याहून ठाण्यास जावो कीं पेशावरास, खर्च एकच. परंतु देशाची सीमा ओलांडली कीं हा सोपेपणा संपे. तेथें दोन-दोन देशांमध्यें निरनिराळे करार असत. कोणी औंसांत तोले, कोणी ग्रॅमांत, कोणाचें माप तिसरेंच. एका पत्राच्या खर्चाचे तीन भाग पडत: पाठविणाऱ्या देशाचा, मधल्या समुद्राचा किंवा मुलुखाचा, आणि पोंचविणाऱ्या देशाचा. अमेरिकेहून ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या अर्ध्या औंसाच्या पत्राला, तें कोणत्या मार्गानें जाईल त्यावरून, कधीं ५ सेंट पडत, तर कधीं १ डॉलर २ सेंट. लाखों यूरोपीय माणसें पोटासाठीं अमेरिकेस जात होतीं तो हा काळ. पेढीवाल्या व्यापाऱ्याला असला खर्च केवळ गैरसोयीचा वाटे. मजुराच्या घरीं मात्र त्याचा अर्थ पत्र न येणें असा होई.

यावर उपाय काढण्यासाठीं १८६३ सालीं अमेरिकेचे पोस्टमास्टर-जनरल माँटगोमेरी ब्लेअर यांच्या पुढाकारानें पॅरिस येथें १५ देशांचे टपाल अधिकारी एकत्र आले. त्यांनीं ३१ तत्त्वें मान्य केलीं. तत्त्वें चांगलीं होतीं; परंतु तीं पाळण्याचें बंधन कोणावर नव्हतें, आणि तीं पाळलीं जातात कीं नाहीं हें पाहणारी कचेरीहि कोठें नव्हती. सद्भाव होता, पण त्याचा जमाखर्च ठेवणारा कोणी नव्हता. त्यामुळें पॅरिसची सभा मार्गदर्शक ठरली, निर्णायक मात्र ठरली नाहीं.

पुढचें पाऊल टाकलें तें जर्मन टपालखात्यांतील हाइनरिख फॉन श्टेफान या अधिकाऱ्यानें. सर्व सुधारलेल्या राष्ट्रांनीं मिळून टपालाचा एकच संघ करावा, अशी योजना त्यानें १८६८ सालीं मांडली. मध्यंतरीं १८७० सालचें फ्रान्स-प्रशिया युद्ध आलें आणि योजना मागें पडली. अखेर स्वित्झर्लंडच्या निमंत्रणावरून १५ सप्टेंबर १८७४ रोजीं बर्न शहरीं २२ देशांचे प्रतिनिधि जमले, आणि ९ ऑक्टोबर रोजीं तहावर सह्या झाल्या. फ्रान्सची सही मागाहून झाली. १ जुलै १८७५ पासून तह अमलांत आला. फ्रान्स १ जानेवारी १८७६ पासून संघांत सामील झाला.

या तहाचीं मुख्य कलमें थोडकींच होतीं. पत्रव्यवहारापुरते संघांतील सर्व देश मिळून एकच टपालक्षेत्र मानावयाचें. १५ ग्रॅमच्या पत्राला २५ सांतीम हा सर्वसाधारण दर. आपापल्या नाण्याच्या सोयीसाठीं २० पासून ३२ सांतीमांपर्यंत फरक करण्याची मुभा. एकाचें टपाल दुसऱ्याच्या मुलुखांतून जाण्यास मोकळीक. आणि सर्वांत धाडसाचें कलम असें कीं, प्रत्येक देशानें आपण विकलेल्या तिकिटांचे पैसे आपल्यापाशींच ठेवावे. पोंचविणाऱ्या देशाला त्यांतला वांटा देऊं नये.

मुंबईच्या पत्राचें कोडें या कलमानें सुटतें. लंडनच्या पोस्टमनचा पगार लंडनहून निघणाऱ्या पत्रांतून व्हावयाचा. यामागें एक गृहीत होतें: पत्राला उत्तर येतें. आज मुंबईचें पत्र लंडनचा पोस्टमन फुकट पोंचवील, तर महिन्या-दोन महिन्यांनीं लंडनचें उत्तर मुंबईचा पोस्टमन फुकट पोंचवील. फिटंफाट होईल. या एका गृहीतानें पत्रागणिक वांटणीचा हिशेब कायमचा बंद झाला, कारकुनांचें काम हलकें झालें आणि टपाल स्वस्त झालें.

परंतु बर्नला जमलेले लोक व्यवहारी होते. गृहीत सोयीचें आहे म्हणून तें सदैव खरें राहील, असें त्यांनीं मानलें नाहीं. ज्या देशांतून परक्यांच्या थैल्या नुसत्या पार होतात, त्यांना उत्तराचा लाभ मिळत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. अशा वाहतुकीचा आकार वजनावर ठरला आणि तो ठरविण्यासाठीं ठराविक काळानें, ठराविक मुदतीपुरतीं थैल्यांचीं वजनें करावयाचीं, असा नियम झाला. वर्षभर प्रत्येक थैली तोलीत बसणें अशक्य; न तोलतां अंदाजानें पैसे देणें हें भांडणाला निमंत्रण. मर्यादित मुदतीची मोजणी हा त्या दोहोंमधला मार्ग होता.

याखेरीज तहावर देखरेख ठेवण्यासाठीं तीन साधनें तहांतच घालून ठेवलेलीं होतीं. पहिलें म्हणजे बर्न येथील आंतरराष्ट्रीय कचेरी. सभासदांना माहिती पुरविणें, आंकडे गोळा करणें, वादग्रस्त प्रश्नावर मत देणें आणि कोणी दुरुस्ती सुचविल्यास ती सर्वांस कळविणें, हें तिचें काम. ऑक्टोबर १८७५ पासून या कचेरीनें आपलें मासिकहि चालू केलें. दुसरें साधन लवादाचें. दोन खात्यांत कलमाच्या अर्थाविषयीं मतभेद झाला तर प्रत्येकानें वादाशीं संबंध नसलेला एक सभासद देश निवडावा आणि त्यांनीं निकाल द्यावा, असें ठरलें. तिसरें साधन परिषदेचें. निदान तीन वर्षांनीं एकदां सर्व देशांनीं जमावें, तह पुन्हा वाचावा आणि त्यांत सुधारणा कराव्या. लहान असो वा मोठा, प्रत्येक देशाला मत एकच. तहाची पहिली मुदतहि तीन वर्षांचीच होती. त्यानंतर तो आपोआप चालू राहावयाचा होता, परंतु एक वर्षाची आगाऊ सूचना देऊन कोणासहि बाहेर पडतां येत होतें.

पहिल्या फेरविचाराला निमित्त झालें तें हिंदुस्थानचें. हिंदुस्थान आणि फ्रान्सच्या वसाहती यांना संघांत घेण्याचा प्रश्न जानेवारी १८७६ मध्यें बर्नच्या खास बैठकीपुढें आला. हें टपाल लांबच्या समुद्रमार्गानें जाणारें. त्यामुळें सागरी वाहतुकीच्या आकाराचा पुन्हा विचार करावा लागला. १ जुलै १८७६ पासून हिंदुस्थान सभासद झाला. १८७८ सालीं पॅरिसला दुसरी परिषद भरली. तिच्या करारांत ब्रिटिश हिंदुस्थानची गणना स्वतंत्र टपालप्रशासन म्हणून झाली आणि संघालाहि आजचें जागतिक टपाल संघ हें नांव मिळालें. पुढें लिस्बन, व्हिएन्ना, वॉशिंग्टन असे फेरविचार होत गेले.

१९०६ सालीं रोमला भरलेल्या परिषदेचा एक निर्णय या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखा आहे. पत्राला उत्तर येतें हें खरें, पण गरीब माणसाला उत्तराचें तिकीट परवडलें पाहिजे. परदेशीं स्वदेशाचें तिकीट चालत नाहीं. मग मुंबईच्या बापानें बर्लिनमधल्या मुलाच्या उत्तराचा खर्च सोसावा कसा? रोमच्या परिषदेनें उत्तर-कुपन काढलें. तें एका देशांत विकत घ्यावयाचें आणि दुसऱ्या देशांत देऊन त्याबदलीं तेथलें तिकीट मिळवावयाचें. मूळ गृहीताला दिलेला हा एक टेकूच होता.

नियमानें ठरलेल्या भेटी नेहमीं वेळेवर झाल्या असें मात्र नाहीं. माद्रिदची परिषद १९१४ सालीं व्हावयाची ती महायुद्धामुळें १९२० सालीं झाली. १९३९ च्या ब्यूनॉस आयरिसनंतरची परिषद १९४७ सालींच पॅरिसला भरूं शकली. दोन परिषदांच्या मधल्या काळांत कोणी तरी लक्ष ठेवलें पाहिजे, हा धडा घेऊन त्या परिषदेनें एक स्थायी मंडळ नेमलें. १ जुलै १९४८ पासून संघ हा संयुक्त राष्ट्रांची खास संस्था बनला.

एवढ्यांत मूळ गृहीत हळूहळू झिजत चाललें होतें. खासगी पत्राला उत्तर येतें. वर्तमानपत्राला, मासिकाला, किंमतपत्रिकेला येत नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देश स्वतंत्र झाले. त्यांच्याकडे श्रीमंत देशांतून छापील मजकुराचे गठ्ठे येत, आणि तितकें टपाल परत पाठविण्यासारखें त्यांच्याजवळ नसे. ज्याच्याकडे टपाल जास्त येई, त्याचे पोस्टमन दुसऱ्याच्या धंद्यासाठीं फुकट राबत. अखेर १९६९ सालीं तोकियोच्या परिषदेनें ९५ वर्षांपूर्वींचें कलम बदललें. जादा आलेल्या टपालाच्या बटवड्याबद्दल पाठविणाऱ्या देशानें मोबदला द्यावा, असें ठरून १९७१ पासून तो नियम लागू झाला. टपालाच्या परिभाषेंत या मोबदल्याला ‘टर्मिनल ड्यूज’ म्हणतात. ९ ऑक्टोबर, म्हणजे बर्नच्या सह्यांचा दिवस, जागतिक टपालदिन म्हणून पाळावा, हेंहि भारतीय प्रतिनिधींच्या सूचनेवरून याच परिषदेंत ठरलें. ज्या तहाचा वाढदिवस ठरला, त्याचें सर्वांत जुनें गृहीत त्याच सभेंत मोडीत निघालें, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

पुढें हा नवा नियमहि जुना झाला. मोबदल्याचे दर ठरवितांना विकसनशील देशांना सवलत दिलेली होती. परंतु एकविसाव्या शतकांत घरबसल्या खरेदीचा व्यापार वाढला आणि चीनमधून लहान पुडकीं टपालानें जगभर जाऊं लागलीं. आपल्या देशांतल्या देशांत पुडकें पाठविण्यास जो खर्च येतो, त्याहून कमी खर्चांत तें चीनहून येतें, अशी अमेरिकेची तक्रार होती. २०१६ च्या इस्तंबूल परिषदेनें दर वाढविले. अमेरिकेला ते अपुरे वाटले. १७ ऑक्टोबर २०१८ रोजीं तिनें संघ सोडण्याची एक वर्षाची सूचना दिली.

एक वर्षाच्या सूचनेची ही अट १८७४ पासून चालत आलेली होती, आणि या प्रसंगीं तीच उपयोगी पडली. सूचना आणि निर्गमन यांच्यामध्यें बारा महिने होते, म्हणून बोलणीं करावयास अवकाश मिळाला. २४ ते २६ सप्टेंबर २०१९ या दिवसांत जिनीव्हाला खास परिषद भरली. ज्यांच्याकडे टपाल फार मोठ्या प्रमाणावर येतें त्यांनीं ठरलेल्या मर्यादेंत आपले दर स्वतः जाहीर करावे, आणि ही सवलत १ जुलै २०२० पासून मिळावी, अशी तडजोड निघाली. अमेरिकेनें आपली सूचना मागें घेतली.

या इतिहासांत कोणत्याहि एका कलमाला दीर्घायुष्य लाभलेलें दिसत नाहीं. दर बदलले, मापें बदललीं, फुकट बटवड्याचें तत्त्वहि गेलें. टिकली ती तपासण्याची रीत: मोजण्याचें काम कोणाकडे तरी सोंपविलेलें, भांडण मिटविण्याची वाट आधींच आंखलेली, पुन्हा भेटण्याची तिथि ठरलेली आणि बाहेर पडण्यास दार असलें तरी त्याला वर्षभराचा उंबरठा. १८६३ च्या पॅरिसमध्यें तत्त्वें होतीं, पण ही रीत नव्हती.

एका तलावावर दोन नगरपालिका अवलंबून असतात. एकाच स्थानकांत दोन रेल्वेगाड्यांचे मार्ग मिळतात. रुग्णालय एका संस्थेचें आणि रुग्णवाहिका दुसऱ्या संस्थेची असते. अशा प्रत्येक ठिकाणीं करारनामे होतात, सह्या होतात आणि कागद कपाटांत जातात. करार होतांना जें गृहीत खरें होतें, तें आज खरें आहे काय, हें विचारण्याचा दिवस त्या कागदावर लिहिलेला असला, तर तो कागद जिवंत राहतो. नसला, तर चूक कोठें झाली हें प्रथम कळतें तें नळ कोरडा पडलेल्या घराला, किंवा रुग्णवाहिकेची वाट पाहणाऱ्या आजाऱ्याला. टपाल संघांत आज १९२ देश आहेत, आणि त्यांच्यांत भांडणेंहि आहेत. तरी मुंबईहून निघालेलें पत्र परक्या शहरीं जिना चढून दारांत पडतें. कारण तें पोंचविणाऱ्या माणसाचा हिशेब दर कांहीं वर्षांनीं पुन्हा उघडून पाहिला जातो.