हॉटशॉट ट्रकिंग : अर्धवेळ जोडधंदा म्हणून

हॉटशॉट ट्रकिंग हा अमेरिकेतील तातडीच्या मालवाहतुकीचा एक प्रकार. अठरा चाकी ट्रकची वाट पाहायला वेळ नाही, किंवा तेवढा ट्रक भरेल इतका माल नाही, अशा वेळी दणकट पिकअपमागे उघडा ट्रेलर जोडून तो माल थेट ठिकाणावर पोचवला जातो. पिकअप म्हटले की मराठी वाचकाला बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उतरवणारी बोलेरो आठवते. ती येथे विसरावी. या धंद्यातली पिकअप म्हणजे फोर्ड एफ-३५०, रॅम ३५०० किंवा शेव्रोले सिल्व्हराडो ३५०० या वर्गातली डिझेल गाडी. बहुधा मागच्या आसावर चार चाके असलेली, ‘ड्युअली’ म्हणतात ती. तिच्या हौद्यात बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर ३० ते ४० फूट लांब सपाट ट्रेलरची वाकडी मान येऊन टेकते. मानेच्या त्या आकारावरून ट्रेलरला ‘गूझनेक’ हे नाव पडले.

या धंद्याचा उगम सामान्यतः १९७०च्या दशकातील टेक्सासच्या तेलक्षेत्रांत सांगितला जातो. विहीर खोदणारी रिग एखाद्या व्हॉल्व्हसाठी किंवा पंपाच्या सुट्या भागासाठी अडून पडली, की बंद पडलेल्या प्रत्येक तासाचा खर्च त्या भागाच्या किमतीला सहज मागे टाकतो. मग ह्यूस्टनच्या गोदामातून रात्री-बेरात्री पिकअप दामटत तो भाग नेणारा माणूस मागेल ते भाडे घेऊ शकत असे. मिडलंड आणि ओडेसा या शहरांभोवतीच्या पर्मियन खोऱ्यात हे काम आजही चालते. मात्र आता हॉटशॉट या नावाखाली शेतीची अवजारे, छोटे लोडर, जनित्रे, पोलादी नळ्या, बांधकामाचे सामान, क्वचित एखादी होडीही वाहिली जाते. त्यातले बरेचसे काम तातडीचे नसतेच; माल लहान असतो इतकेच. (जंगलातील वणवे विझवणाऱ्या खास पथकांनाही अमेरिकेत ‘हॉटशॉट’ म्हणतात. त्यांचा या धंद्याशी संबंध नाही.) ऑस्टिनच्या ‘यूशिप’ या मालवाहतूक बाजारावर आधारलेला ‘शिपिंग वॉर्स’ हा कार्यक्रम २०१२ मध्ये ए अँड ई वाहिनीवर सुरू झाला आणि स्वतःच्या गाडीने चित्रविचित्र माल वाहणारी माणसे घराघरांत दिसू लागली.

जोडधंदा शोधणाऱ्याला या व्यवसायाचे आकर्षण वाटते त्याचे मुख्य कारण २६,००० हा आकडा. पिकअप आणि ट्रेलर यांचे मिळून ‘पासिंग’ म्हणजे उत्पादकाने ठरवलेले भारासह कमाल वजन २६,००० पौंडांपर्यंत (सुमारे ११,८०० किलो) राहिले, तर जड वाहनाचा व्यावसायिक परवाना, सीडीएल, लागत नाही. साधा मोटारीचा परवाना पुरतो. म्हणून १४,००० पौंड पासिंगच्या पिकअपमागे १२,००० पौंड पासिंगचा ट्रेलर ही जोडी लोकप्रिय आहे. बेरीज बरोबर २६,००० होते. पण या हिशेबात मालाच्या वाट्याला फार थोडे येते. ट्रेलरचेच लोखंड पाच-सहा हजार पौंडांचे असते. ते वजा केले की जेमतेम सहा-सात हजार पौंड माल घेता येतो. आठ-दहा हजार पौंडांचा लोडर हवा असलेला गिऱ्हाईक अशा गाडीला फोन करत नाही. सीडीएल नको म्हणून वाचवलेला त्रास चांगल्या भाड्यांना मुकून फेडावा लागतो.

सीडीएल नको म्हणजे कागदपत्रे नकोत, असा समज नवख्यांत आढळतो. तो महागात पडतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात व्यावसायिक माल नेणाऱ्या गाडीचे किंवा जोडीचे वजन १०,००१ पौंड किंवा अधिक असेल, तर संघराज्याच्या परिवहन खात्याचा क्रमांक लागतो, आणि वर सांगितलेली प्रत्येक जोडी या रेषेच्या खूप पलीकडे असते. दुसऱ्याचा माल भाड्याने नेण्यासाठी त्याशिवाय वेगळा व्यवसायाधिकार लागतो. त्याचा अर्ज ‘एफएमसीएसए’ या १ जानेवारी २००० रोजी स्थापन झालेल्या संघीय संस्थेकडे करावा लागतो. शुल्क ३०० डॉलर, आणि ते परत मिळत नाही. प्रत्येक राज्यात कायदेशीर नोटीस स्वीकारणारा प्रतिनिधी नेमल्याचा कागद, वार्षिक आंतरराज्य नोंदणी आणि चालकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र हेही आलेच. नव्या वाहतूकदारावर पहिले १८ महिने देखरेख असते आणि त्या काळात तपासनीस दप्तर पाहतो. एका ट्रकचा मालकही त्याच्या लेखी वाहतूक कंपनीच असतो.

खरा प्रश्न विम्याचा आहे. या वजनाच्या गाडीने आंतरराज्य भाडे करायचे तर किमान ७,५०,००० डॉलरचा दायित्व विमा सक्तीचा आहे. माल देणारे दलाल तेवढ्यावर थांबत नाहीत; ते बहुधा १० लाख डॉलरचे दायित्व आणि १ लाख डॉलरचा मालाचा विमा मागतात. घरच्या गाडीचा विमा भाड्याच्या फेरीत काही कामाचा नाही. नव्या व्यवसायाधिकारासाठी वर्षाचा हप्ता अनेकदा पाच आकड्यांत जातो, आणि गाडी महिन्यात चार दिवस चालली की सव्वीस, यावरून तो सहसा अर्धा होत नाही.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल; आकडे मानलेले आहेत. विम्याचा हप्ता वर्षाला १२,००० डॉलर. शनिवार-रविवारी ५०० मैलांचे एक भाडे, मैलाला २ डॉलर, म्हणजे १,००० डॉलर. परतीचे भाडे न मिळाल्याने ४०० मैल रिकामी गाडी. एकूण ९०० मैलांना गॅलनमागे १० मैल या दराने ९० गॅलन डिझेल, ३.७५ डॉलर दराने सुमारे ३३७ डॉलर. टायर, तेल, झीज मैलाला २० सेंट, म्हणजे १८० डॉलर. वर्षात ५० फेऱ्या झाल्या तर विम्याचा वाटा फेरीमागे २४० डॉलर पडतो आणि हातात सुमारे २४० डॉलर राहतात. फेऱ्या २५ झाल्या तर विम्याचा वाटा ४८० होतो आणि उरतात अडीच डॉलर. यात ट्रक-ट्रेलरच्या कर्जाचा हप्ता धरलेला नाही, कर धरलेला नाही, आणि दोन दिवसांच्या झोपेची किंमतही धरलेली नाही. जाहिरातींमध्ये फक्त हजार डॉलरचा आकडा असतो.

हंगामापुरता विमा घेऊन मग बंद करावा, ही युक्तीही बेताचीच. विमा कंपनी तो रद्द होत असल्याची ३० दिवसांची सूचना एफएमसीएसएला देते, आणि नवा विमा दाखल झाला नाही की व्यवसायाधिकार जातो. तो पुन्हा जिवंत करायला ८० डॉलर पुरतात. पण अधिकार किती काळ अखंड चालू आहे हे अनेक दलाल पाहतात, आणि खंड पडलेल्या वाहतूकदाराला माल द्यायला कचरतात.

पैशाखालोखाल प्रश्न घड्याळाचा, आणि अर्धवेळ माणसाला याची गाठ सर्वांत उशिरा पडते. संघीय नियमांनुसार सलग १० तास विश्रांती घेतलेल्या चालकाला ११ तास गाडी चालवता येते, आणि तीही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. सात दिवसांत ६० तास काम झाले की चालवणे थांबते. आठवड्याचे सातही दिवस व्यवसाय करणाऱ्या कंपनीसाठी ही मर्यादा आठ दिवसांत ७० तासांची असू शकते. येथवर सगळे सरळ आहे. पण ‘काम’ या शब्दाच्या व्याख्येत वाहतुकीशी काडीचा संबंध नसलेली पगारी नोकरीही येते. शुक्रवारी सकाळी ९ वाजता कचेरीत बसलेल्या माणसाचे १४ तास तिथेच सुरू होतात. रात्री ११ नंतर त्याला ट्रेलर ओढता येत नाही. आठवड्याच्या ६० तासांतले ४० त्याने संगणकासमोर संपवलेले असतात. उरलेल्या २० तासांत माल चढवणे, बांधणे, उतरवणे, चालवणे आणि घरी परतणे बसवायचे. सलग ३४ तास विश्रांती घेतली तर साप्ताहिक मोजणी शून्यावर येते खरी, पण शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता कचेरी सुटल्यापासून ते ३४ तास मोजले तर रविवारची पहाट उजाडते.

याच नियमांत अर्धवेळवाल्याला दोन सवलतीही आहेत. तळापासून १५० हवाई मैलांच्या (सुमारे २७८ किलोमीटर) परिघात राहून १४ तासांत परतणाऱ्याला दिवसाची तपशीलवार नोंदवही ठेवावी लागत नाही, वेळेची साधी नोंद चालते. आणि ३० दिवसांत आठपेक्षा जास्त दिवस अशी नोंदवही लागत नसेल, तर गाडीत इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र बसवण्याची सक्ती नाही, कागद पुरतो. त्यामुळे खरोखर अर्धवेळ टिकणारे लोक लांब पल्ल्यापेक्षा आपल्याच भागात फिरतात. एखादा शेतकरी पेरणी-कापणीच्या मधल्या काळात शेजाऱ्यांची यंत्रे नेतो. त्याच्याकडे पिकअप आणि ट्रेलर आधीच असतात, आणि ते विकत घेणे हाच एरवी सर्वांत मोठा खर्च. तेलक्षेत्रात १४ दिवस काम आणि १४ दिवस सुट्टी अशा पाळीवर असलेला कामगारही या घड्याळात चपखल बसतो. ३४ तास झोप-विश्रांती झाली की त्याच्यापुढे जवळजवळ दोन कोरे आठवडे असतात.

माल मिळतो कोठून? पूर्वी ट्रक थांब्यांवरच्या फलकावर चिठ्ठ्या टाचलेल्या असत. १९७८ मध्ये ऑरेगनमधील पोर्टलंडच्या ज्युबिट्झ ट्रक थांब्यावर त्यांच्या जागी टीव्हीचे पडदे आले. ‘डायल-अ-ट्रक’ नावाची ती सोय आज ‘डीएटी’ म्हणून सर्वांत मोठ्या भाडे-फलकांपैकी एक आहे. फलकावरचा बहुतेक माल दलालामार्फत येतो. पैसे साधारण महिन्याने मिळतात; आधी हवे असतील तर बिल विकत घेणारी वित्तसंस्था काही टक्के कापून देते. दलालाला २०१३ पासून ७५,००० डॉलरची हमी ठेवावी लागते. पण तो बुडाला तर त्या एकाच रकमेवर सगळ्या देणेकऱ्यांची रांग लागते. अलीकडे घेतलेला माल परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात मारून मधले पैसे खाणाऱ्या बनावट दलालांचाही सुळसुळाट झाला आहे. नवा, घाईतला, शनिवारपुरता वाहतूकदार त्यांना सोपा सापडतो.

आणखी एक मार्ग म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या व्यवसायाधिकाराखाली गाडी लावणे. विमा आणि कागद त्यांचे. बदल्यात भाड्याचा चांगला मोठा हिस्सा त्यांचा. सुरुवातीला हे शहाणपणाचे असते, फक्त ‘मी हवे तेव्हा येईन’ म्हणणाऱ्या चालकाला घ्यायला अशा कंपन्या फारशा उत्सुक नसतात.

भरभराट कशी फसवते ते करोनाकाळात दिसले. २०२०-२१ मध्ये भाडी चढली आणि व्यवसायाधिकारांसाठी अर्जांचा पूर आला. पिकअपही चढ्या भावाने घेतल्या गेल्या. जून २०२२ मध्ये डिझेलचा राष्ट्रीय सरासरी भाव गॅलनला ५.८० डॉलरवर पोचला, तोवर भाडी उतरणीला लागली होती. पुढच्या वर्षी यलोसारखी जुनी, बलाढ्य ट्रक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कॉन्व्हॉयसारख्या नव्या डिजिटल दलालाने दुकान बंद केले. दोन वर्षांपूर्वी चढ्या भावात घेतलेल्या ट्रकांचे हप्ते मात्र चालूच होते.

ह्यूस्टन, डॅलस आणि ऑस्टिन परिसरांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांतल्या एच-१बी व्हिसावरील नोकरदाराला हा जोडधंदा बंद आहे. त्या व्हिसावर अर्ज करणाऱ्या मालकाकडेच काम करण्याची मुभा असते. स्वतःच्या कंपनीचा ट्रक स्वतः चालवून भाडे घेतले तर व्हिसाची अट मोडते. ग्रीन कार्डधारकाला हा अडसर नाही. एच-४ व्हिसावरील काही जोडीदारांना २०१५ पासून कामाचे परवानापत्र मिळू लागले आणि त्यावर स्वतःचा व्यवसायही काढता येतो. अशा घरात ट्रक पत्नीच्या नावावर धावू शकतो. एच-१बीवरचा नवरा मात्र भाड्याच्या एका फेरीपुरताही तिच्या जागी चालक म्हणून बसू शकत नाही.