जादा आरक्षण, विमानसेवेतील

विमानातील आसनसंख्येपेक्षा अधिक तिकिटे जाणूनबुजून विकण्याच्या व्यापारी पद्धतीस जादा आरक्षण किंवा रूढ भाषेत ओव्हरबुकिंग म्हणतात. निश्चित तिकीट असलेला प्रवासी वेळेवर हजर असूनही केवळ आसन शिल्लक नाही म्हणून त्याला विमानात घेतले नाही, तर त्यास विमानप्रवेश नाकारणे असे म्हटले जाते. रेल्वेच्या प्रतीक्षा यादीतील प्रवाशाला आपली जागा अनिश्चित असल्याचे आधीच ठाऊक असते. विमान प्रवाशाला मात्र ही अनिश्चितता बहुधा विमानतळावर पोहोचल्यावरच कळते.

विमानाने उड्डाण केल्यावर त्यातील रिकाम्या आसनाचे मोल उरत नाही. म्हणून ऐनवेळी न येणाऱ्या, म्हणजे ‘नो-शो’ प्रवाशांचे प्रमाण पूर्वानुभवावरून ठरवून तेवढी अधिक तिकिटे विकण्याकडे कंपन्यांचा कल असतो. उदाहरणार्थ, १८० आसनांच्या विमानाची १८६ तिकिटे विकली आणि प्रत्येक प्रवासी न येण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर सरासरीने सुमारे १७७ प्रवासी येतात. तरीही अशा दर दहा उड्डाणांपैकी साधारणतः एकात १८० हून अधिक प्रवासी हजर होतात. प्रत्येक प्रवाशाचे येणे-न येणे इतरांवर अवलंबून नसते, असे या हिशेबात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात वऱ्हाडासारखा मोठा गट एकत्रच येतो किंवा एकत्रच गैरहजर राहतो, आणि सुट्ट्यांच्या हंगामात गैरहजेरी घटते, त्यामुळे अंदाज चुकू शकतो. ठरलेल्या विमानाऐवजी ऐनवेळी लहान विमान आणल्यासही जागा अपुऱ्या पडतात.

या प्रथेचे नियमन अमेरिकेतील एका खटल्यामुळे चर्चेत आले. ग्राहकहक्कांचे पुरस्कर्ते राल्फ नेडर यांना १९७२ मध्ये ॲलेगेनी एअरलाइन्सच्या विमानात जागा नाकारण्यात आली. जादा आरक्षणाची माहिती प्रवाशांपासून दडवल्याबद्दल कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. मोबदला घेऊन स्वखुशीने जागा सोडणारे प्रवासी शोधावेत, अशी सूचना अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९६८ मध्येच केली होती. १९७८ मध्ये अमेरिकी नियामक मंडळाने सक्तीपूर्वी स्वेच्छुकांना विचारणे बंधनकारक केले.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने याविषयीचे नियम २०१० मध्ये लागू केले व २०१६ मध्ये भरपाईच्या रकमा वाढवल्या. त्यांनुसार कंपनीला प्रथम स्वेच्छुकांना आवाहन करावे लागते. मूळ वेळेपासून तासाभराच्या आत सुटणारे पर्यायी विमान दिल्यास भरपाई देय नसते. त्यानंतरचे, परंतु २४ तासांच्या आतील विमान दिल्यास एकेरी मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये, आणि त्याहून उशिराचे दिल्यास ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये भरपाई ठरते. प्रवाशाने पर्यायी विमान नाकारल्यास तिकिटाची पूर्ण रक्कम व त्याशिवाय ४०० टक्के भरपाई त्याच कमाल मर्यादेत मिळते. भाडे व अधिभार मिळून ४,००० रुपये असल्यास २४ तासांच्या आतील पर्यायासाठी ८,००० रुपये मिळतात. तीच बेरीज ६,००० रुपये असल्यास मात्र मर्यादेमुळे १०,००० रुपयांवरच थांबावे लागते.

युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई ठरवतो. संघातील विमानतळावरून निघणाऱ्या सर्व कंपन्यांच्या उड्डाणांना तो लागू होतो, परंतु बाहेरून संघात येणाऱ्या उड्डाणांपैकी केवळ तेथील कंपन्यांच्या उड्डाणांना. म्हणून फ्रँकफर्टहून मुंबईस भारतीय कंपनीच्या विमानाने येणाऱ्यास त्याचे संरक्षण मिळते, तर त्याच कंपनीच्या विमानाने मुंबईहून फ्रँकफर्टला जाणाऱ्यास ते मिळत नाही.

प्रवाशाने वेब चेक-इन सुरू होताच ते करून आसनक्रमांक घ्यावा, कारण आसनक्रमांकाविना उशिरा येणाऱ्यावर संकट प्रथम ओढवण्याचा संभव असतो. चेक-इनची मुदत पाळणेही तितकेच महत्त्वाचे आहे. ती चुकल्यास प्रवासी स्वतःच नो-शो ठरतो आणि भरपाईचा हक्क गमावतो. परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा विवाह यांसारख्या न टळणाऱ्या कारणासाठी दिवसातील शेवटचे विमान टाळावे, म्हणजे पर्यायी विमान त्याच दिवशी मिळण्यास वाव राहतो. जोडविमानाने पुढे जायचे असल्यास दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेणे हिताचे असते, कारण स्वतंत्र तिकिटे असल्यास पहिल्या टप्प्यातील अडचणीमुळे दुसरे विमान चुकल्याचा खर्च सहसा प्रवाशावरच पडतो. जागा स्वखुशीने सोडणाऱ्याने मोबदला रोख आहे की कूपन आणि पुढील विमानात आसन निश्चित आहे का, हे आधी ठरवून घ्यावे, कारण सक्तीने वगळलेल्या प्रवाशासाठी ठरवलेली भरपाई त्याला आपोआप लागू होत नाही. प्रवेश नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे, बोर्डिंग पास व पावत्या जपाव्यात, आणि कंपनीकडे दाद न मिळाल्यास केंद्र शासनाच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी.

रिकाम्या जागा भरल्याने तिकिटे स्वस्त राहतात, हा कंपन्यांचा युक्तिवाद निराधार नाही. परंतु अंदाज कंपनीने बांधलेला असल्याने तो चुकल्याची किंमतही कंपनीनेच मोजली पाहिजे, आणि ती वसूल होण्यासाठी प्रवाशाला आपले हक्क ठाऊक असणे आवश्यक आहे.