बुद्धाने घर का सोडले?

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात शाळांच्या सहली नेहमी येतात. मुले बापूकुटी पाहतात, वहीत टिपणे घेतात आणि परततात. याच आश्रमात ४ जून १९४७ रोजी धर्मानंद कोसंबी यांचे निधन झाले, हे मात्र त्यांना क्वचितच सांगितले जाते. ‘स्वतःचे मत बनवा’ असे आपण विद्यार्थ्यांना वारंवार सांगतो. पण ते बनवायचे कसे? कोसंबींचे उदाहरण इथे उपयोगी पडते.

कोसंबींचा जन्म १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ गावी झाला. शालेय शिक्षण बेताचेच. ‘बालबोध’ मासिकातले बुद्धचरित्र वाचून त्यांना बुद्धाची ओढ लागली. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. या निर्णयाची किंमत त्यांनाही मोजावी लागली. पुण्यात व काशीत कोसंबी संस्कृत शिकले, नेपाळला गेले आणि १९०२ मध्ये श्रीलंकेत पोचून पाली भाषा शिकू लागले. बुद्धाविषयी इतर काय म्हणतात यावर त्यांचे समाधान नव्हते. जुन्यात जुने ग्रंथ ज्या भाषेत आहेत, ती भाषाच त्यांना हवी होती.

त्याचा उपयोग काय झाला ते पाहा. सिद्धार्थाने एक म्हातारा, एक रोगी, एक प्रेत व एक संन्यासी पाहिला आणि मध्यरात्री गुपचूप राजवाडा सोडला, ही कथा आपण सर्वांनी वाचली आहे, वर्गात शिकवलीही आहे. पण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा पाहिला नसेल, हे पटते का?

१९४० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात कोसंबींनी ही कथा पाली ग्रंथांशी ताडून पाहिली. चार दृश्यांची गोष्ट त्रिपिटकात आहे, पण ती विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची! ती पुढे गौतमाला चिकटली. उलट ‘अरियपरियेसन सुत्ता’त गौतम स्वतः सांगतो की, आईवडील रडत असताना त्याने केस-दाढी काढून घर सोडले. म्हणजे गुपचूप निघून जाणे नव्हतेच. ‘अत्तदंड सुत्ता’त तो म्हणतो की, थोड्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांशी भांडणारी माणसे पाहून त्याला भय वाटले. यावरून, आणि शाक्य व कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणाच्या कथेवरून, कोसंबींनी अनुमान काढले की, शस्त्राने न सुटणाऱ्या कलहांना कंटाळून गौतम बाहेर पडला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. विपस्सीची कथा वेगळी आहे, हे ग्रंथ उघडून कोणालाही तपासता येते. रोहिणीचे भांडण गृहत्यागाचे कारण होते, हे मात्र अनुमान आहे. पाली अट्ठकथांमध्ये हे भांडण बुद्धत्वप्राप्तीनंतरचे म्हणून येते. त्यामुळे या मुद्द्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. डॉ. आंबेडकरांनीही १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथात चार दृश्यांची कथा नाकारून पाण्याच्या तंट्याचेच कारण दिले. तरीही दोन मोठी नावे एका बाजूला आहेत म्हणून प्रश्न मिटत नाही. कोसंबींचे मतही कोसंबींच्याच पद्धतीने तपासायला हवे.

मनाला आले ते बोलणे म्हणजे स्वतंत्र मत नव्हे. रूढ मताच्या विरुद्ध बोलणे म्हणजेही नव्हे. मूळ पुराव्यापर्यंत जाणे, पुरावा कोठे संपतो व आपले अनुमान कोठे सुरू होते ते ओळखणे, आणि नवा पुरावा आला तर मत बदलणे, एवढे केले तर मत आपले होते. प्रयोगशाळेत आपण हेच शिकवतो. इतिहासाच्या तासाला विसरतो.

पुढच्या वेळी चार दृश्यांचा धडा शिकवताना एखाद्या मुलीने विचारले, ‘सर, हे खरे कशावरून?’, तर तिला गप्प करू नका. तिच्यासोबत ग्रंथालयात जा. उत्तर तिला शोधू द्या, आणि ते तुमच्याहून वेगळे आले तरी ऐकून घ्या.