यूट्यूब वाहिनी : चार हजार तासांचे गणित

स्वतःची यूट्यूब वाहिनी उघडणे ही आता दहा मिनिटांची बाब झाली आहे. ती वाढवणे हे मात्र वर्षा-दोन वर्षांचे काम आहे. पाककृती, स्पर्धा परीक्षा, शेती, गड-किल्ले, शेअर बाजार, कीर्तन अशा कितीतरी विषयांवर मराठीत वाहिन्या निघाल्या आणि रोज नव्या निघत आहेत. त्यांपैकी बऱ्याच पहिल्या वीस-पंचवीस चित्रफितींनंतर थंडावतात. नोकरी सोडून किंवा हप्त्यांवर कॅमेरा घेऊन या व्यवसायात उतरणारे तरुणही कमी नाहीत. तेव्हा या माध्यमाचे नियम आणि त्याचा जमाखर्च आधीच समजून घेणे अगत्याचे आहे.

पेपाल कंपनीतील तीन माजी सहकारी, चाड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम, यांनी २००५ मध्ये यूट्यूबची स्थापना केली. पुढच्याच वर्षी गूगलने १.६५ अब्ज डॉलरला हे संकेतस्थळ विकत घेण्याचा करार केला. चित्रफिती तयार करणाऱ्यांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देण्याची पद्धत २००७ मध्ये सुरू झाली आणि मे २००८ मध्ये भारतासाठी स्वतंत्र आवृत्ती आली. वाहिनी चालवणाऱ्याच्या दृष्टीने खरे वळण मात्र २०१२ चे. चित्रफीत किती वेळा उघडली गेली यापेक्षा ती किती वेळ पाहिली गेली, याला शिफारशींमध्ये अधिक महत्त्व देण्याचे धोरण यूट्यूबने त्या वर्षी स्वीकारले. भडक मथळा देऊन प्रेक्षकाला आत ओढायचे आणि आत काहीच द्यायचे नाही, हा धंदा तेव्हापासून अवघड होत गेला. तो बंद पडला असे मात्र कोणी म्हणणार नाही.

जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी किमान १,००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तासांचे दर्शन, ही अट जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाली. ४,००० तासांऐवजी ९० दिवसांत शॉर्ट्सची १ कोटी दर्शने, असा पर्याय नंतर उपलब्ध झाला. जून २०२३ मध्ये याच्या खाली आणखी एक पायरी आली : ५०० सदस्य, ९० दिवसांत किमान ३ चित्रफिती, आणि ३,००० तास किंवा शॉर्ट्सची ३० लाख दर्शने. या पायरीवर प्रेक्षकांकडून थेट मिळणारे सुपर चॅट, सशुल्क सदस्यत्व असे मार्ग खुले होतात. जाहिरातींचा वाटा मिळत नाही.

बहुतेक नवोदितांचे लक्ष यातील सदस्यसंख्येवर खिळलेले असते. वस्तुतः १,००० सदस्य नातेवाईक, शाळासोबती आणि गृहसंकुलातील शेजारी मिळूनही जमू शकतात. कस लागतो तो तासांच्या आकड्यापाशी. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. येणारा प्रेक्षक सरासरी दोन मिनिटांत निघून जात असेल तर १,२०,००० दर्शने लागतील. चार मिनिटे थांबत असेल तर ६०,०००. आणि सहा मिनिटे थांबवण्याची हातोटी साधली तर ४०,००० दर्शनांत काम भागेल. शॉर्ट्सच्या प्रवाहात पाहिला गेलेला वेळ, पैसे मोजून केलेल्या जाहिरातीतून आलेला वेळ, तसेच खासगी केलेल्या किंवा काढून टाकलेल्या चित्रफितींचा वेळ या हिशेबात धरला जात नाही. म्हणजेच आलेल्या प्रेक्षकाला थांबवणे हाच वाहिनी वाढवण्याचा राजमार्ग आहे. प्रसिद्धीचे बाकी सारे उपाय त्याच्या मागून येतात.

प्रेक्षक कोण आणि तो का थांबेल?

'सर्वांसाठी सर्व काही' देणारी वाहिनी कोणाचीच होत नाही. उदाहरणादाखल गच्चीवरील बागेची वाहिनी घेऊ. तिचा प्रेक्षक मुंबई-पुण्यातील सदनिकेत राहणारा, बाल्कनीत सात-आठ कुंड्या असलेला, सकाळी कामावर जाण्यापूर्वी पाणी घालणारा गृहस्थ किंवा गृहिणी आहे, असे एकदा ठरले की निम्मे प्रश्न सुटतात. त्याला रोपवाटिकांची सहल नको असते. आपल्या मोगऱ्याला फुले का येत नाहीत, हे हवे असते. 'माझी बाग, भाग ७' हा मथळा त्याच्यासाठी निरर्थक आहे. 'कुंडीतील मोगऱ्याला फुले का येत नाहीत?' हा मथळा त्याच्याच मनातील वाक्य आहे. शोधयंत्रात तो टंकणार तेही साधारण असेच.

मग चित्रफितीने त्या प्रश्नाला तत्काळ हात घालावा. आपल्याकडील कित्येक वाहिन्यांचे पहिले अर्धे मिनिट फिरणारे बोधचिन्ह, पार्श्वसंगीत, स्वागत आणि 'लाइक, शेअर, सबस्क्राइब'च्या विनवणीत जाते. लग्नाच्या पंगतीत पाने मांडून यजमानांनी भाषण सुरू करावे, तसा हा प्रकार आहे. यूट्यूब स्टुडिओ या विभागात प्रत्येक चित्रफितीचा आलेख मिळतो. कोणत्या क्षणी किती प्रेक्षक उरले, हे त्यात दिसते. आठवड्यातून एकदा तो आलेख उघडून, रेषा जेथे एकदम कोसळते तो भाग स्वतः पुन्हा पाहावा. कधी तेथे लांबलेली प्रस्तावना असते, कधी ऐकू न येणारा आवाज. आवाजाबाबत तर तडजोड करूच नये. थोडे धूसर चित्र प्रेक्षक सहन करतो, पण पंख्याच्या घरघरीत बुडालेले बोलणे सहन करीत नाही. महागड्या कॅमेऱ्याआधी कॉलरला लावायचा साधा माइक घेणे शहाणपणाचे ठरते.

मथळ्याच्या भाषेचा प्रश्न मराठीत जरा नाजूक आहे. बोलणे मराठीत, वाचणे देवनागरीत, पण शोधताना टंकणे रोमन लिपीत, अशी अनेकांची सवय आहे. त्यामुळे मथळा देवनागरीत ठेवून, त्याच शब्दांची रोमन रूपे चित्रफितीखालच्या वर्णनात सहज वाक्यातून यावीत. मथळ्याला १०० अक्षरांची मर्यादा आहे. मात्र मोबाइलवर तो त्याआधीच तुटतो, म्हणून महत्त्वाचे शब्द आरंभी असावेत. टॅगची लांबलचक यादी भरण्यात वेळ घालवू नये, शोधात त्यांचा वाटा नगण्य आहे असे यूट्यूबनेच सांगितले आहे.

ज्याला थंबनेल म्हणतात ते मुखचित्र हे दुकानाच्या पाटीसारखे असते. ते मोबाइलच्या पडद्यावर तिकिटाएवढे दिसते, हे विसरून त्यावर दोन-दोन ओळी लिहिल्या जातात. देवनागरीतील वेलांट्या, मात्रा आणि जोडाक्षरे बारीक वळणात एकमेकांत मिसळतात. ठसठशीत वळणातील तीन-चार शब्द पुरेत. मुखचित्र ज्यांच्यासमोर आले त्यांतील किती जणांनी त्यावर बोट ठेवले, याची टक्केवारी स्टुडिओत मिळते. यूट्यूबच्या म्हणण्यानुसार निम्म्या वाहिन्यांची ही टक्केवारी २ ते १० च्या दरम्यान असते. तेव्हा चार टक्के पाहून खचण्याचे कारण नाही. एकाच चित्रफितीला तीन मुखचित्रे देऊन त्यांची तुलना करण्याची सोयही २०२४ पासून उपलब्ध आहे.

पंचांगाकडे लक्ष ठेवल्यास आणखी एक लाभ होतो. उकडीच्या मोदकांची कृती गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री चढवून उपयोग नाही, ती दोन-तीन आठवडे आधी हवी. मोगऱ्याच्या छाटणीचा विषय हिवाळा सरताना घ्यावा. अशा चित्रफिती दरवर्षी त्या सुमारास पुन्हा शोधल्या जातात. बातमीवर आधारित चित्रफीत आठवड्यात शिळी होते, ही पाच वर्षे पाणी देणारी विहीर असते.

प्रसिद्धीचे मार्ग आणि आडमार्ग

जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातूनच सुरू केली. ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतची उभी चित्रफीत शॉर्ट्समध्ये गणली जाते. नव्या माणसाची ओळख करून देण्यास हे साधन उत्तम. मात्र शॉर्ट्सवर आलेला प्रेक्षक मोठी चित्रफीत पाहीलच असे नाही, म्हणून प्रत्येक शॉर्टमधून संबंधित मोठ्या चित्रफितीचा दुवा द्यावा.

व्हॉट्सअॅपवरील कुटुंबाच्या गटात दुवा टाकणे हा आपला राष्ट्रीय प्रसिद्धीमार्ग आहे. त्यात गैर काही नाही, पण मावशी आणि काका दुवा उघडतात, अंगठा दाखवतात आणि वीस सेकंदांत बाहेर पडतात. त्याऐवजी विषयाशी संबंधित गटांत, तेथे कोणी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दिलेला एक दुवा अधिक काम करतो. प्रतिक्रियांना पहिल्या दिवशीच उत्तरे द्यावीत. पुढच्या चित्रफितीचा विषय बहुधा त्यांतच सापडतो.

पैसे देऊन सदस्य विकत घेणे किंवा 'तू माझा सदस्य हो, मी तुझा होतो' असा सौदा करणे हे दोन्ही यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. असे बनावट सदस्य यूट्यूब वेळोवेळी वगळते. नियमांची बाब सोडली तरी व्यवहार तोट्याचाच ठरतो, कारण विकत घेतलेला सदस्य चित्रफीत पाहत नाही.

उत्पन्न

पात्र ठरलेल्या वाहिनीला मोठ्या चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातून ५५ टक्के वाटा मिळतो. शॉर्ट्ससाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळी पद्धत असून तीत निर्मात्याच्या वाट्याला आलेल्या रकमेतील ४५ टक्के दिले जातात. जमा रक्कम १०० डॉलर होईपर्यंत ती हाती येत नाही. भारताबाहेर राहणाऱ्या वाहिनीचालकांप्रमाणेच येथील वाहिनीचालकांनाही अमेरिकी कराचे विवरण गूगलकडे भरावे लागते. ते न भरल्यास जगभरातील उत्पन्नातून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भरल्यास आणि भारत-अमेरिका कर कराराचा लाभ घेतल्यास केवळ अमेरिकेतील प्रेक्षकांकडून आलेल्या उत्पन्नावर १५ टक्के कपात होते. हा एक अर्ज न भरल्याने अनेकांचे पैसे विनाकारण जातात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ८.३ कोटी लोकांची मातृभाषा मराठी होती. प्रेक्षक अपुरा नाही. परंतु भारतातील दर्शनांना जाहिरातीचा दर अमेरिका-युरोपच्या तुलनेत कमी मिळतो. त्यामुळे केवळ जाहिरातींवर घर चालवणे थोड्यांनाच जमते, आणि ज्यांनी जम बसवला त्यांनी प्रेक्षकांच्या विश्वासावर दुसरे काही उभे केले आहे. मधुरा बाचल यांच्या पाककृतींच्या वाहिनीमागून मसाल्यांचा व्यवसाय आला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'भाडिपा'ने मराठी स्टँडअपच्या प्रेक्षकाला पडद्यावरून सभागृहात आणले. गच्चीवरील बागेच्या वाहिनीला बियाण्यांची पाकिटे किंवा रविवारची कार्यशाळा हाच अधिक खात्रीचा आधार ठरेल. तो उभा राहीपर्यंत पगाराची नोकरी सोडू नये.

प्रायोजक मिळाल्यास ते प्रेक्षकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेची त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ पासून लागू आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत सहभागी होणाऱ्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

स्वामित्वहक्क आणि सुरक्षितता

तुकोबांचा अभंग कोणाच्या मालकीचा नाही. पण त्याची गाजलेली चाल आणि ध्वनिमुद्रण यांना मालक असतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. ते पार्श्वभूमीला लावले तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि त्या चित्रफितीचे उत्पन्न मालकाकडे वळू शकते. मालकाने रीतसर तक्रार केल्यास प्रकरण याहून गंभीर होते. ९० दिवसांत अशा तीन तक्रारी ग्राह्य ठरल्यास वाहिनीच बंद होऊ शकते. अभंग स्वतः, स्वतःच्या चालीत गाण्यास मात्र कोणाचीच हरकत नाही.

खाते चोरीला जाण्याचा धोका यशाबरोबर वाढतो. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांची 'आपली आजी' ही वाहिनी २०२० मध्ये घरोघरी पोहोचली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती चोरट्यांनी ताब्यात घेतली. काही दिवसांनी ती परत मिळाली, पण आजींना तोवर सोसावा लागलेला मनस्ताप बातम्यांतून सर्वांनी वाचला. प्रायोजक असल्याचे भासवून ई-मेलमधून फाइल पाठवायची आणि ती उघडताच संगणकातील लॉग-इनची माहिती पळवायची, ही चोरट्यांची रूढ पद्धत असल्याचे गूगलने २०२१ मध्ये जाहीर केले. दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी, पण या प्रकारच्या चोरीपुढे ती एकटी पुरत नाही. अनोळखी प्रायोजकाची फाइल वाहिनीच्या संगणकावर उघडूच नये आणि वाहिनीचा ई-मेल पत्ता इतर व्यवहारांसाठी वापरू नये.

दोघा-तिघांनी मिळून वाहिनी काढली असेल तर एकच पासवर्ड सर्वांत फिरवू नये. स्टुडिओत प्रत्येकाला स्वतंत्र अधिकार देण्याची सोय आहे. वाहिनी कोणाच्या नावावर, पैसे कोणाच्या खात्यात आणि भागीदारी मोडल्यास नाव कोणाकडे राहील, एवढे तीन मुद्दे पहिली चित्रफीत चढवण्याआधी कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात.