मूर्तिजापूरला गाडी बदलावी लागते

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा थांबवला आणि आमच्या भातकुलीच्या घरातला एक धडधाकट संगणक त्या दिवशी म्हातारा झाला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, २०१७ साली, अमरावतीहून बसच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन आणलेला. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम. बिघाड कसलाही नाही. पण विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर चालतात आणि माझ्या ऑफिसला विंडोज ११ च लागतं. (लिनक्स टाक, असं सुचवणाऱ्यांनी एकदा आमच्या आयटी विभागाशी बोलून बघावं.)

मी घरून काम करतो. दिवसा कोड, रात्री गेम, दोन्ही त्याच मशीनवर. यंदा पावसाने सोयाबीन गेलेलं, त्यामुळे घरात खर्चाचा विषय काढायचा म्हणजे आवाज आपोआप खाली येतो. नव्या भागांची यादी वाचून दाखवली तेव्हा बाबांनी शांतपणे एवढंच विचारलं, "जुन्यातलं काहीच चालत नाही काय बा त्याच्यात?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधताना मी एकशेवीस वर्षं मागे गेलो.

आमच्या भागात 'हे त्याला बसत नाही' याचा पहिला मोठा धडा रेल्वेने दिला. मुंबई-नागपूर मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूर असे जे मार्ग काढले, ते ७६२ मिलिमीटरचे. हीच आपली शकुंतला. अकोल्याला तिसरीच तऱ्हा: तिथून खंडव्याकडे आणि पूर्णेकडे जाणारी गाडी मीटरगेज होती. जुन्या अकोला जिल्ह्यात, शेजारशेजारच्या दोन जंक्शनांवर, रुळांची तीन मापं.

यात मूर्खपणा कुणाचा नव्हता. अरुंद रूळ स्वस्त पडतात, इंजिन छोटं चालतं, आणि कापसाच्या हंगामापुरत्या धंद्याला तेवढं पुरतं. किंमत दुसरीकडे मोजली जायची. यवतमाळहून आलेली कापसाची गाठ मूर्तिजापूरला उतरवायची, उचलायची आणि मोठ्या डब्यात पुन्हा भरायची. दोन मापं जिथे भेटतात तिथे हमाल लागतो. माझ्या धंद्यात या हमालाला अडॅप्टर म्हणतात, कधी ड्रायव्हर, आणि बऱ्याचदा तो हमाल मीच असतो.

संगणकाच्या जगातही आधी सगळं असंच होतं. प्रत्येक कंपनीचं आपलं माप. एकाचा भाग दुसऱ्याला लागत नसे. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हा तो घाईत बनवलेला होता, म्हणून बाहेरच्या भागांतून जुळवलेला होता. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कॉर्पोरेशनचा. हा टंडन म्हणजे भारतातून अमेरिकेत गेलेला माणूस. शिवाय आयबीएमने यंत्राचं तांत्रिक पुस्तक विकायला ठेवलं, त्यात सर्किटच्या आकृत्या आणि बायोसचा संपूर्ण कोड छापलेला. इतर कंपन्यांनी या पीसीसाठी कार्डं बनवावीत म्हणून दिलेली ही मोकळीक होती. बायोसवर मात्र कॉपीराइट होता. वाचा, पण उतरवू नका.

कॉम्पॅकने मग जे केलं ते आजही अभ्यासासारखं आहे. एका गटाने आयबीएमचा बायोस वाचला आणि तो काय करतो एवढंच लिहून काढलं. ज्यांनी तो कोड कधी पाहिलाच नव्हता अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. १९८३ मध्ये त्यांचं यंत्र दुकानात आलं. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने असाच बायोस बनवून कुणालाही विकायला ठेवला आणि आयबीएमच्या हातातून माप निसटलं. मला सगळ्यात आवडतो तो त्या काळचा तपासणीचा प्रकार. एखादं यंत्र खरोखर 'आयबीएम कॉम्पॅटिबल' आहे का, हे पाहायला लोक त्यावर दोन गोष्टी चालवून बघत: लोटस १-२-३ आणि मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर. म्हणजे एक हिशेबाचं पान आणि एक विमानाचा खेळ. काम आणि गेम एकाच मशीनवर हवेत म्हणणारा मी पहिला नव्हे.

१९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ या मालिकेत मायक्रो चॅनल नावाची नवी खाच आणून माप परत मिळवायचा प्रयत्न केला. जुनी कार्डं तिच्यात बसत नव्हती आणि ती वापरायला परवाना हवा होता. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन जुनी कार्डं चालतील अशी आपली खाच जाहीर केली. लोक आयबीएमच्या मागे गेले नाहीत. मात्र पुढे इंटेलच्या मागे गेले, ते आजवर.

आपल्याकडे या गोष्टीचा अर्थ वेगळा होता. आयबीएम १९७८ मध्ये भारत सोडून गेली होती. १९८४ च्या संगणक धोरणानंतर भाग आयात करणं सोपं होत गेलं आणि भाग कुणाचेही असले तरी एकमेकांना लागत, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, रेडिओच्या सुट्या भागांच्या बाजारात संगणकाचे भागही आले. 'असेंबल्ड' हा मराठी शब्दच आहे आता. नव्वदच्या दशकात जिल्ह्याच्या गावापर्यंत संगणक पोचला तो असा, कुणीतरी खोक्यात भरून आणलेला आणि दुकानाच्या काउंटरवर स्क्रू पिळून उभा केलेला. कॉम्पॅकच्या त्या कोरडेपणाने लिहिलेल्या कोडशिवाय हे झालं नसतं.

ते पोरं कशी शिकली असतील याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. जुन्या एटी पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला पी-८ आणि पी-९ असे दोन प्लग जात. दोन्ही दिसायला सारखे, उलटसुलटही बसायचे, आणि उलट लावले की बोर्ड जळायचा. पाठांतर एकच: काळ्याला काळी. दोन्ही प्लगमधल्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप आणलं आणि एकच, एकाच बाजूने बसणारा प्लग आला.

एटीएक्सनेही सगळं वाचवलं नाही. पुष्कळ सप्लायच्या पाठीवर एक लाल बटण असे, ११५ आणि २३० व्होल्टचं. सातवीत असताना मी ते सहज सरकवून पाहिलं होतं. आवाज झाला, वास आला, आणि पुढचे चार महिने घरात संगणक हा शब्द कुणी उच्चारला नाही.

याच काळात वऱ्हाडचा एक माणूस पुण्यात भाग जुळवत होता. विजय भटकर मूळचे मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. हवा तो क्रे महासंगणक अमेरिका देईना, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश बनावटीच्या कितीतरी चिपा एकमेकींना जोडलेल्या होत्या. परमचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मला त्याच सी-डॅकचं जिस्ट कार्ड जास्त महत्त्वाचं वाटतं. आयआयटी कानपूरमधल्या कामातून आलेलं हे कार्ड साध्या पीसीच्या खाचेत बसवलं की डॉसवरच्या, फक्त इंग्रजी जाणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी टाइप करता यायची. त्यामागची इस्की ही संकेतपद्धती हुशार होती: इंग्रजी अक्षरांचे पहिले १२८ आकडे जसेच्या तसे ठेवले आणि भारतीय लिप्या वरच्या १२८ मध्ये बसवल्या. जुनं काही मोडलं नाही. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच आली आहे, म्हणजे हे वाक्य तुमच्या पडद्यावर दिसतंय त्यात त्या खाचेचा वाटा आहे.

आता माझ्या यादीकडे. खाच जुळली म्हणजे भाग जुळला, ही समजूत कंपन्यांनी पुष्कळ वेळा मोडली आहे. १९९९ चा एएमडीचा स्लॉट-ए हा इंटेलच्या स्लॉट-१ सारखाच कनेक्टर होता, फक्त फिरवून लावलेला. आत वीजजोडणी पूर्ण वेगळी. २०१७ मध्ये इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर जुन्याच मापाच्या ११५१ पिनांच्या सॉकेटसाठी काढले, पण ते जुन्या बोर्डावर चालू दिले नाहीत. तिथे माझा बोर्ड संपला. उलट एएमडीने २०१६ चा एएम-४ सॉकेट वर्षानुवर्षं चालवला. २०२० मध्ये त्यांनीही पुढचे प्रोसेसर जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांना देणार नाही म्हणून सांगितलं, गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला, आणि निर्णय मागे घेतला. गिऱ्हाइकांचं ऐकलं गेल्याची अशी उदाहरणं फार नाहीत.

एएम-५ नवा, पुढे काही वर्षं प्रोसेसर येत राहतील असा. पण त्याला फक्त डीडीआर-५ रॅम चालते आणि २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर तिचे भाव असे चढले की मी यादी रोज उघडायचो आणि रोज बंद करायचो. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने आपला क्रुशल हा सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या डब्यात माझ्याकडे सोळा जीबी डीडीआर-४ पडून होती. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं.

मग ठरलं ते असं. पुण्यातल्या मित्राचा २०२१ मध्ये घेतलेला वापरलेला बी-५५० बोर्ड, नवा रायझन ५७००-एक्स, जुनी रॅम आणि जुना एसएसडी. रॅम २४०० ची, थोडी हळू, चालेल. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणून कार्ड घेणं भाग. आरटीएक्स ४०६० घेतलं, ११५ वॉटचं. प्रोसेसरही ६५ वॉटचा निवडला, कारण यूट्यूबवाले तापमान मोजतात एसीच्या खोलीत आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असतात. कूलर कितीही भारी असला तरी तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही.

पॉवर सप्लाय मात्र नवा. मित्राने बोर्डासोबत त्याच्या जुन्या सप्लायच्या सुट्या केबलीही पाठवल्या होत्या. मी त्या वेगळ्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकल्या. मॉड्युलर सप्लायची केबल भागाच्या बाजूला सगळ्यांची सारखी असते, पण सप्लायच्या बाजूला प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी, आणि प्लग कित्येकदा आरामात बसतो. बसतो आणि एसएसडी जाळतो. पी-८, पी-९ गेले असं मी म्हणालो खरं, पण ते नुसते दुसऱ्या टोकाला सरकलेत. इथे काळ्याला काळी हेही पाठांतर उपयोगाचं नाही, कारण आता सगळ्याच तारा काळ्या असतात.

शेवटची अडचण तारखेची. ५७००-एक्स आला एप्रिल २०२२ मध्ये, बोर्ड त्याच्या आधीचा. बोर्डाला हा प्रोसेसर ओळखताच येईना. त्याच्या पाठीवर एक छोटं बटण असतं. पेनड्राइव्हवर नवा बायोस ठरलेल्या नावाने ठेवायचा, बटण दाबून धरायचं, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

"किती वेळ लागते?" बाबांनी विचारलं.

"पाच-सात मिनिटं."

"अन् लाइन गेली तर?"

तसं झालं तरी पुन्हा करता येतं, त्यासाठीच ते बटण दिलंय, असं मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन टीव्ही आणि फ्रिज बंद करून आले, इन्व्हर्टरचा स्विच पाहून आले, आणि खुर्ची ओढून दिव्यासमोर बसले.