सेल्फ मारला, पण इंजिन गप्प! वेसाव्याच्या होड्या शिडावरून डिझेलवर आल्या त्याची गोष्ट

आजच्या एपिसोडचा हा लिखित भाग.

प्रश्न साधा आहे. बोटीचं इंजिन सुरू झालं नाही, तर काय होतं? शंभर वर्षांपूर्वी वेसाव्याच्या कोळ्याला हा प्रश्न पडलाच नसता, कारण त्याच्या होडीत इंजिनच नव्हतं. वेसावे म्हणजे आपलं वर्सोवा. घाटकोपरहून मेट्रो पकडलीत की शेवटचं स्टेशन, आणि तिथून पुढे खाडीकडे गेलात की कोळीवाडा.

वाऱ्याचं टाइमटेबल

शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले आठवतात ना? रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई, दुपारी समुद्राकडून येतात ते खारे. आपल्यासाठी ते दोन मार्कांचं उत्तर. शिडाच्या होडीसाठी मात्र तेच टाइमटेबल. मतलईवर बाहेर जायचं, खाऱ्यावर परत यायचं. वारा पडला तर वल्ही मारायची.

त्यात वेसाव्याची मुख्य मासेमारी डोल जाळ्याची. हे जाळं म्हणजे लांबलचक पिशवी. ती समुद्रात एका जागी बांधून ठेवायची, तोंड प्रवाहाकडे. भरती-ओहोटीच्या जोरावर बोंबील, जवळा, कोलंबी आपोआप आत येतात. पण प्रवाह उलटा फिरायच्या आत, पाणी थबकलेलं असताना, जाळं उचलावं लागतं. उशीर झाला तर मासळी हातची जाते. म्हणजे वारा त्याच्या मर्जीने येणार, पाणी त्याच्या वेळेला फिरणार आणि तांडेलाने दोघांचा मेळ घालायचा!

इंजिन आलं

1946 मध्ये भारत सरकारने मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीचं केंद्र काढलं. 1951 मध्ये पहिली पंचवार्षिक योजना आली आणि होड्यांचं यांत्रिकीकरण हा सरकारी कार्यक्रम झाला. 1953 च्या सुमारास केरळमध्ये नॉर्वेच्या मदतीने असाच प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडे, तेव्हाच्या मुंबई राज्यात, मच्छीमारांना इंजिनासाठी कर्ज आणि अनुदान मिळू लागलं. वेसावे, सातपाटी अशा गावांच्या होड्यांमध्ये डिझेलचा आवाज घुमू लागला.

फायदा उघड होता. वारा असो-नसो, जाळ्यावर वेळेत पोचता येत होतं. आणखी लांब जाता येत होतं. मासळी ताजी असताना बंदरावर आणता येत होती.

पण मंडळी, इंजिन विकत घेता येतं, त्याची जाण विकत मिळत नाही. ज्या तांडेलाला पाण्याच्या रंगावरून खोली कळायची, त्याच्यापुढे आता लोखंडाचं एक धूड होतं, आणि ते रुसलं की का रुसलं, हे सांगत नव्हतं.

इंजिन का रुसतं?

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबली की ती इतकी तापते की डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. म्हणून सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात: हवा, डिझेल आणि पुरेसा दाब.

बिघाड शोधायचा तो याच क्रमाने. सेल्फ मारला आणि इंजिन फिरलंच नाही, तर आधी बॅटरी आणि तिच्या वायरी बघा. खाऱ्या हवेत टर्मिनल गंजतात. इंजिन फिरतंय पण धरत नाही, तर डिझेल पोचत नाहीये. टाकीचा कॉक बंद आहे का? फिल्टरमध्ये कचरा किंवा पाणी आहे का? पाइपात हवा शिरली असेल, तर जोड सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारायचा. यालाच ‘एअर काढणं’ म्हणतात. हे सगळं ठीक असेल, तर मग नोझल, व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या रिंगा. तिथे मात्र मिस्त्रीच लागतो.

हे शिकवायला वर्सोव्यात सरकारी मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्र आहे. कोर्स सहा महिन्यांचा. विषय मासेमारी, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल. अटी बघा: चौथी पास, मासेमारीचा अनुभव, आणि पोहता आलं पाहिजे. इंजिनाच्या कोर्सला पोहण्याची अट! समुद्रात इंजिन बंद पडणं म्हणजे काय, ते या एका अटीत कळतं.

नवा पावसाळा

आता बोटीची ओळखच बदललीय. सरकारी कागदावर नौका एक-दोन सिलिंडरची की तीन, चार, सहा सिलिंडरची, यावर नुकसानभरपाई ठरवली गेलीय. साधारणपणे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, इंजिनं थंड. ऑगस्टमध्ये नारळ वाहायचा, आणि मग दोन महिने झोपलेलं इंजिन जागं करायचं. त्या दिवशी ते उठलं नाही, तर खाडीतलं पाणी उतरतं, बोट गाळात बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत खलाशी बसून.

शिडाच्या काळात वारा नसेल तर सगळं गाव एकत्र थांबायचं. आज एकच बोट थांबते. बाकीच्या निघून जातात, आणि त्या एका नाखव्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता, डिझेलचं बिल, खलाशांचा पगार तसाच राहतो. इंजिनाने कोळ्याला वाऱ्यापासून मोकळं केलं, हे खरंच. पण त्या बदल्यात त्याला बँक, डिझेलपंप, स्पेअर पार्ट आणि मिस्त्री यांच्याशी बांधलं.

पुढच्या वेळी मढची फेरीबोट पकडाल, तेव्हा इंजिन सुरू होतानाचा तो पहिला धडधडाट जरा कान देऊन ऐका. आणि तुमच्या घरी शिडाची होडी पाहिलेलं कोणी असेल, तर त्यांची आठवण रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!