जळून राख झालेलं शहर सांताक्लॉजचं गाव कसं झालं? फिनलंडच्या रोव्हानिएमीची गोष्ट

डिसेंबर आला की तुमच्या फीडवर एक ठरावीक रील फिरायला लागतं. बर्फानं वाकलेली पाइनची झाडं, रेनडिअर ओढत असलेली घसरगाडी, काचेच्या छताच्या खोलीत झोपून आकाशातला हिरवा प्रकाश बघणारं जोडपं आणि शेवटी पांढऱ्या दाढीचा सांताक्लॉज. खाली लोकेशन असतं, रोव्हानिएमी, फिनलंड.

सांताचं अधिकृत गाव म्हणून हे शहर जगभर ओळखलं जातं. पण 1944 साली इथं धड उभी असलेली घरं शोधावी लागत होती. तेच शहर आज इतकं गजबजलंय, की तिथले रहिवासी आता पुरे म्हणून रस्त्यावर उतरलेत. हे सगळं कसं घडलं आणि वर्षाच्या बारा महिन्यांत तिथं नेमकं काय असतं, तेच समजून घेऊ.

रोव्हानिएमी नेमकं आहे कुठं?

फिनलंडच्या उत्तर भागाला लॅपलँड म्हणतात. रोव्हानिएमी ही या लॅपलँडची राजधानी. केमियोकी आणि ओउनासयोकी या दोन नद्यांच्या संगमावर ती वसली आहे. राजधानी हेलसिंकीपासून रस्त्यानं साधारण 800 किलोमीटर लांब. विमानानं दीड तासाच्या आत पोहोचता येतं, नाहीतर रात्रभराची रेल्वे आहे.

लोकसंख्या सुमारे 65 हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण नगरपालिकेची हद्द आहे तब्बल 8 हजार चौरस किलोमीटर. अख्खं गोवा राज्य 3,702 चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे या एका नगरपालिकेत दोन गोवे बसतील. अर्थात यातला बहुतेक भाग जंगल, दलदल आणि पाणी आहे.

शहराच्या मध्यापासून उत्तरेला साधारण 8 किलोमीटरवर आर्क्टिक वृत्त लागतं. या रेषेच्या उत्तरेला वर्षातून किमान एक दिवस सूर्य मावळत नाही आणि किमान एक दिवस उगवत नाही. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे हे होतं. हा कल हळूहळू बदलतो, त्यामुळे खरी रेषा दरवर्षी साधारण 14-15 मीटरनं उत्तरेला सरकते. पर्यटक ज्या पांढऱ्या पट्ट्यावर उभं राहून फोटो काढतात, ती मात्र जागची हललेली नाही. खरी रेषा आता तिच्या पुढे गेली आहे.

शहर जळालं कसं?

दुसऱ्या महायुद्धात फिनलंड सोव्हिएत रशियाविरुद्ध जर्मनीच्या बाजूनं लढत होता. सप्टेंबर 1944 मध्ये फिनलंडनं रशियाशी युद्धबंदी केली. त्यात एक अट होती, देशातलं जर्मन सैन्य बाहेर काढायचं. कालचे मित्र एका रात्रीत शत्रू झाले आणि लॅपलँडचं युद्ध सुरू झालं.

माघार घेताना जर्मन सैन्यानं मागे काहीच शिल्लक ठेवायचं नाही असं ठरवलं. पूल उडवले, रस्त्यांत सुरुंग पेरले, घरं पेटवली. ऑक्टोबर 1944 मध्ये रोव्हानिएमी जळालं. त्यातच रेल्वे स्टेशनात दारूगोळ्यानं भरलेल्या गाडीचा स्फोट झाला. शहरातल्या जवळपास 90 टक्के इमारती नष्ट झाल्या. लोकांना आधीच हलवलं होतं, अनेक जण शेजारच्या स्वीडनमध्ये गेले होते. ते परतले तेव्हा समोर उभ्या होत्या फक्त विटांच्या चिमण्या.

मग नवं शहर आखायचं काम आलं ते फिनलंडचे जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार आल्व्हार आल्टो यांच्याकडे. 1945 मध्ये त्यांनी जो आराखडा केला, त्यात मुख्य रस्ते रेनडिअरच्या शिंगांसारखे पसरतात आणि शहरातलं क्रीडांगण त्याचा डोळा होतं. पुढं त्यांनीच इथलं वाचनालयही उभारलं. ते 1965 मध्ये सुरू झालं आणि आजही बघता येतं.

मग सांताक्लॉज आला कुठून?

फिनलंडमध्ये सांताला 'योउलुपुक्की' म्हणतात. शब्दशः अर्थ नाताळचा बोकड! जुन्या काळी बोकडाचं सोंग घेऊन घरोघरी फिरायची प्रथा होती, त्यातून हे नाव राहिलं. 1927 मध्ये फिनिश रेडिओवर मुलांचा कार्यक्रम करणाऱ्या 'मार्कुस काकां'नी सांगून टाकलं, की सांता लॅपलँडमधल्या कोरवातुंतुरी नावाच्या डोंगरावर राहतो. पण हा डोंगर थेट रशियाच्या सीमेवर, अगदी निर्जन भागात. तिथं पर्यटक नेणार कसे?

दरम्यान एक वेगळीच गोष्ट घडली. जून 1950 मध्ये अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट पुनर्बांधणी बघायला रोव्हानिएमीत येणार होत्या. त्यांना आर्क्टिक वृत्तही बघायचं होतं. पण तिथं पाहुण्यांना बसायलाही जागा नव्हती. म्हणून घाईघाईनं लाकडी ओंडक्यांची एक केबिन बांधली गेली. त्यांच्यानंतर इतर पाहुणेही तिथं थांबायला लागले. ती केबिन आजही आहे आणि तिच्याच भोवती पुढचं सगळं उभं राहिलं.

1980 च्या दशकात लॅपलँडच्या प्रशासनानं ठरवलं, की सांता हीच आपली ओळख. 1984 च्या नाताळात ब्रिटनमधून पर्यटकांना घेऊन चक्क काँकॉर्ड विमान रोव्हानिएमीत उतरलं. 1985 मध्ये आर्क्टिक वृत्तावर सांताक्लॉज व्हिलेज सुरू झालं. 2010 मध्ये 'सांताक्लॉजचं अधिकृत मूळगाव' या नावाचा ट्रेडमार्कही शहरानं मिळवला.

म्हणजे हे गाव काही दंतकथेतून आपोआप आलेलं नाही. राखेतून उभं राहिलेल्या शहरानं पोट भरण्यासाठी एक गोष्ट निवडली आणि ती जगाला पटवून दिली.

व्हिलेजमध्ये काय बघायचं?

व्हिलेजमध्ये शिरायला तिकीट नाही. सांताला भेटायलाही पैसे लागत नाहीत, अधिकृत फोटो हवा असेल तर मात्र खिसा हलका होतो. शेजारच्या टपाल कार्यालयात जगभरातून मुलांची पत्रं येतात. 1985 पासून दीड कोटीहून जास्त पत्रं आली आहेत. इथून टाकलेल्या पत्रावर आर्क्टिक वृत्ताचा खास शिक्का मिळतो. पुढच्या नाताळात पोहोचेल अशी पत्रं टाकायला वेगळी पेटी आहे.

शहरात बघण्यासारखं बरंच आहे, पण रीलमध्ये ते फारसं दिसत नाही. 'आर्क्टिकुम' हे संग्रहालय आणि विज्ञान केंद्र 1992 पासून सुरू आहे. त्याचा 172 मीटर लांबीचा काचेचा बोगदा उत्तरेकडे रोखलेला आहे. आत लॅपलँडचा इतिहास आहे, जळालेल्या शहराची माहिती आहे आणि आर्क्टिक प्रदेशातल्या हवामान बदलावरचं संशोधनही मांडलेलं आहे. 'कोरुंदी' हे कलादालन टपाल बसगाड्यांच्या जुन्या विटांच्या डेपोत आहे. युद्धातून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी ही एक.

कोणत्या महिन्यात काय?

आपल्याकडे सहा ऋतू, तर लॅपलँडचे लोक वर्षाचे आठ ऋतू मोजतात. फिरायला जाणाऱ्यानं ढोबळमानानं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

डिसेंबर-जानेवारी: याला 'कामोस' म्हणतात, म्हणजे अंधाराचा काळ. 21 डिसेंबरच्या आसपास सूर्य जेमतेम दोन-सव्वादोन तास क्षितिजावर रेंगाळतो. बाकी वेळ निळसर संधिप्रकाश. सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात चढे दर याच काळात असतात.

फेब्रुवारी-मार्च: थंडी उणे 20-30 अंशांपर्यंत जाऊ शकते, पण दिवस मोठा होत जातो आणि बर्फ भरपूर असतो. स्थानिक लोक स्कीइंगला बाहेर पडतात ते याच दिवसांत. शहराला लागूनच ओउनासवारा ही टेकडी आहे. तिथल्या हिवाळी क्रीडास्पर्धांची परंपरा 1927 पासूनची.

जून-जुलै: जूनच्या पहिल्या आठवड्यापासून साधारण महिनाभर सूर्य मावळतच नाही. रोव्हानिएमी आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे, तरी वातावरणात प्रकाश वाकत असल्यामुळे इथूनही मध्यरात्रीचा सूर्य दिसतो. लोक रात्री बारा वाजता नदीत होडी वल्हवतात, मासे पकडतात. जूनच्या शेवटी शेवटी 'युहान्नुस' हा सण येतो, तेव्हा पाण्याकाठी होळीसारखा मोठा जाळ करतात. एक सूचना, डास भयंकर असतात.

सप्टेंबर: या ऋतूचं नाव 'रुस्का'. जंगल पिवळं, केशरी, लाल होतं. लिंगनबेरी आणि मशरूम गोळा करायचे हे दिवस. फिनलंडमध्ये 'सर्वांचा हक्क' नावाची पद्धत आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलातही कुणीही चालू शकतो, बेरी तोडू शकतो. अट एवढीच, की नुकसान करायचं नाही आणि कुणाच्या अंगणात शिरायचं नाही. जाळ करायला मात्र जागेच्या मालकाची परवानगी लागते.

आकाशातला हिरवा प्रकाश हमखास दिसतो का?

नाही. सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण वातावरणातल्या वायूंवर आदळतात, तेव्हा ध्रुवीय प्रकाश दिसतो. हिरवा रंग ऑक्सिजनमुळे येतो. त्यासाठी अंधार हवा आणि आकाश निरभ्र हवं. म्हणून ऑगस्टच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच संधी असते. डिसेंबरमध्ये ढग पुष्कळ असतात, त्यामुळे नाताळात गेलेले अनेक जण न बघताच परततात. शिवाय मोबाइलचा कॅमेरा जास्त वेळ प्रकाश गोळा करतो, म्हणून रीलमधला रंग डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा गडद असतो.

लॅपलँडची परंपरा म्हणून जे दाखवतात, ते सगळं खरं आहे का?

रेनडिअर खरे आहेत, पण ते जंगली नाहीत. फिनलंडमधल्या प्रत्येक पाळीव रेनडिअरला मालक असतो आणि कानावरच्या खुणेवरून तो ओळखता येतो. हस्कींची गाडी मात्र इथली जुनी प्रथा नव्हे, ती पर्यटनासोबत 1980 च्या दशकात रुजली.

सामी हे लॅपलँडचे मूळ रहिवासी. त्यांचा कायद्यानं मान्य केलेला प्रदेश रोव्हानिएमीच्या बराच उत्तरेला आहे. तरीही पर्यटकांसमोर सामी नसलेल्या लोकांना सामी पोशाखाच्या नकला घालून उभं करायचे प्रकार वर्षानुवर्षं चालले. म्हणूनच 2018 मध्ये फिनलंडच्या सामी संसदेनं पर्यटनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली.

मग लोक वैतागलेत कशामुळे?

2023 मध्ये रोव्हानिएमीत पर्यटकांचे सुमारे 12 लाख रात्रींचे मुक्काम नोंदवले गेले. म्हणजे दर रहिवाशामागे अठराच्या आसपास. यातली मोठी गर्दी हिवाळ्याच्या काही आठवड्यांतच कोंबलेली असते. तेवढ्यासाठी हॉटेलं पुरत नाहीत, म्हणून राहत्या इमारतींमधले फ्लॅट पर्यटकांना दिवसावर भाड्यानं दिले जातात. रोज नवे शेजारी, जिन्यात सामानाच्या बॅगा, वाढलेलं भाडं आणि शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना न मिळणाऱ्या खोल्या, अशा तक्रारी वाढत गेल्या. सप्टेंबर 2024 मध्ये रहिवाशांनी याविरोधात निदर्शनं केली. राहण्याच्या इमारतींत हॉटेलचा धंदा चालवणं नियमबाह्य आहे, असं त्यांचं म्हणणं आहे. दुसरी बाजू अशी, की शहरातल्या अनेकांचा रोजगार याच पर्यटकांवर आहे. त्यामुळे पर्यटन बंद करा, असं फारसं कुणी म्हणत नाही.

दुसरी काळजी आहे बर्फाची. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगानं तापतोय, असं फिनलंडच्याच हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या 2022 च्या अभ्यासात दिसलं. नोव्हेंबर 2018 मध्ये लॅपलँडमध्ये बर्फ इतका उशिरा आला, की काही ब्रिटिश सहली रद्द कराव्या लागल्या. जुलै 2025 मध्ये तर फिनलंडमध्ये सलग तीन आठवडे कुठे ना कुठे पारा 30 अंशांच्या वर राहिला. उत्तर फिनलंडमधली काही स्की केंद्रं आता आदल्या हिवाळ्याचा बर्फ उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि शरद ऋतूत पुन्हा पसरतात.

थोडक्यात, ज्या गोष्टीनं या शहराला पुन्हा उभं केलं, तीच आता त्याची अडचण होऊन बसली आहे. सगळं गणित एका सणावर आणि वेळेवर पडणाऱ्या बर्फावर टेकलंय. म्हणूनच आता उन्हाळा, शरद ऋतू, जंगल आणि संग्रहालयं यांची जाहिरात वाढते आहे. पर्यटक बारा महिन्यांत विभागले, तर फ्लॅटवरचा ताण कमी होईल आणि रोजगारही वर्षभर टिकेल, असा त्यामागचा हिशोब.

फिरायला जाणाऱ्याच्या दृष्टीनंही हा हिशोब वाईट नाही. बर्फ आणि ध्रुवीय प्रकाश हवा असेल तर मार्च, जंगलाचे रंग आणि ध्रुवीय प्रकाश हवा असेल तर सप्टेंबर, आणि न मावळणारा सूर्य हवा असेल तर जून. सांताचं कार्यालय तर वर्षभर उघडं असतं. डिसेंबर सोडून गेलात, तर रांगही लहान मिळेल.